उचल, दाब आणि तरणे : लहान ट्रॅक्टरच्या द्रवचालित यंत्रणेचा इतिहास

अवजाराचे नाव त्याच्या पहिल्या कामावरून पडते. काम बदलले तरी नाव सहसा टिकून राहते. ट्रॅक्टरच्या मागील बाजूस तेलाच्या दाबावर चालणारी जी यंत्रणा असते, तिला शेतकरी 'लिफ्ट' म्हणतो. या शब्दाचा अर्थ केवळ उचलणे एवढाच आहे. यंत्राचे मूळ कामही तेवढेच होते. पुढे याच यंत्राकडून दाबण्याचे व सारण्याचे काम घेण्याची वेळ आली, तेव्हा नावाची मर्यादा हीच यंत्राची मर्यादा असल्याचे दिसून आले. ती कशी ओलांडली गेली, हे पाहणे या लेखाचे प्रयोजन होय.

'नांगर' हा शब्द संस्कृत 'लांगल'पासून आलेला असून, 'लांगल' स्वतः आर्यपूर्व भाषांतून उचललेला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. लाकडी नांगराचे रुमणे नांगऱ्याच्या हाती असे व फाळ किती खोल जावा हे तो मुठीवरील दाबाने ठरवी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे आरंभी त्याला गिऱ्हाईक मिळेना. फाळाचा धातू बदलला, तरी खोलीचा निर्णय पूर्वीप्रमाणे मुठीकडेच राहिला.

हा निर्णय यंत्राकडे नेण्याचे श्रेय प्रामुख्याने आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनकडे जाते. त्या काळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने ओढला जाई. फाळ दगडाला अडला की ट्रॅक्टरचे पुढचे अंग वर उचलले जाऊन तो चालकावर उलटत असे. फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जखडला आणि ओढीचा ताण वाढताच नांगर किंचित वर घेणारी द्रवचालित योजना सिद्ध केली. तिचे पेटंट १९२० नंतरच्या दशकातले आहे. १९३६ मध्ये फर्ग्युसन-ब्राउन व १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरद्वारा ती बाजारात आली. तिच्या मुळाशी असलेला पास्कलचा सिद्धांत १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला होता, व ब्रामाने १७९५ मध्ये त्यावरच आपला दाबयंत्राचा शोध उभारला होता. ब्रामाच्या यंत्रात पाणी होते, ट्रॅक्टरमध्ये तेल आले. म्हणून 'जलचालित' या शब्दापेक्षा 'द्रवचालित' हा शब्द अधिक यथार्थ ठरतो.

फर्ग्युसनच्या यंत्रणेत तेलाचा दाब एकाच दिशेने काम करी. दाबाने नांगर वर येई व स्वतःच्या वजनाने खाली जाई. नांगराला तेवढे पुरे होते, कारण फाळाची घडण त्याला मातीत ओढून नेते. महाराष्ट्रात १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीने कांदिवली येथे ट्रॅक्टरनिर्मितीस आरंभ केला. त्यानंतर हीच यंत्रणा येथील शेतीत रूढ होत गेली.

यंत्राच्या मर्यादेची परीक्षा मात्र दूरच्या बर्फाळ प्रदेशात झाली. अमेरिकेत १९६१ मध्ये 'कब कॅडेट' व १९६३ मध्ये 'जॉन डीअर ११०' हे बागेसाठीचे लहान ट्रॅक्टर निघाले. उन्हाळ्यात गवत कापणाऱ्या या यंत्रांना हिवाळ्यात पुढे पाते जोडून अंगणातील बर्फ सारण्याचे काम दिले जाऊ लागले. वजनाने खाली येणारे पाते भुसभुशीत बर्फ सारते, परंतु थिजलेल्या थरावरून ते घसरत जाते. म्हणून दट्ट्याच्या दोन्ही बाजूंस तेल देणारा दुहेरी क्रियेचा सिलिंडर बसविणे ही पहिली सुधारणा ठरली.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. बळ दाबावर अवलंबून असते, तर गती पंपाच्या प्रवाहावर. पाच सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर असते. चौरस सेंटिमीटरला ७० किलोग्रॅम दाब दिल्यास सुमारे १,३७० किलोग्रॅम बळ मिळते. मिनिटाला दहा लिटर तेल देणारा पंप हा दट्ट्या सेकंदाला सुमारे साडेआठ सेंटिमीटर सरकवितो. मोठा पंप बसविल्याने पाते लवकर हलेल, पण अधिक जोराने दाबणार नाही. दाबमोचक झडप आवळून दाब वाढविला, तर नळ्या, सांधे व पात्याची चौकट यांवर ताण येतो. शिवाय पाते जमिनीवर जितके दाबावे, तितकी पुढची चाके हलकी होतात व ट्रॅक्टर वळेनासा होतो. म्हणून यंत्रणेबरोबर वजनाचा तोल आणि चाकांना साखळ्या यांचाही विचार करावा लागतो. याखेरीज झडपेला 'तरती' स्थिती असावी लागते. तीत सिलिंडरच्या दोन्ही बाजू मोकळ्या राहतात व पाते जमिनीच्या चढउतारावर आपोआप तरंगत जाते.

बर्फाचा हा अनुभव कोकणास सर्वस्वी परका नाही. नागोठणे व रोहा यांच्या दरम्यान वसलेल्या निडीच्या आसपास भातखाचरांचा प्रदेश आहे. पश्चिमेस अंबा व कुंडलिका या नद्यांच्या खाड्यांकडे खारभूमी सुरू होते. तिच्या रक्षणासाठी मुंबई राज्यात १९४८ मध्ये कायदा झाला. बांध घालून समुद्राचे पाणी अडविता येते, परंतु जमिनीतील क्षार पावसाच्या पाण्यानेच धुऊन जावे लागतात, आणि त्यासाठी खाचर सपाट असावे लागते. उंचवट्यावर पाणी ठरत नाही, म्हणून तेथे क्षार राहतो. खोलगट भागात रोप बुडून कुजते. बैलांच्या केणीने माती ओढताना शेतकरी तिच्यावर कधी भार देई, तर कधी तिला सैल सोडी. दाबणे आणि तरणे या दोन्ही क्रिया त्याच्या हातात होत्या. चिखलात ओढीचा ताण अल्प व अनियमित असल्याने फर्ग्युसनची ताणावर चालणारी योजना तेथे फारशी उपयोगी पडत नाही. अवजार ठराविक उंचीवर धरणे किंवा मोकळे सोडणे, हेच तेथे हवे असते. साखळ्यांच्या जागी तेथे पिंजऱ्याची चाके येतात, एवढाच फरक.

यावरून असे दिसते की, द्रवचालित यंत्रणेची सुधारणा म्हणजे बळाची निव्वळ वाढ नव्हे. रुमणे धरणारा हात उचली, दाबी व सैल सोडी. यंत्राने त्यांतील पहिली क्रिया आधी आत्मसात केली व उरलेल्या दोन्ही नंतर मिळविल्या. लहान खाचराचा धनी ट्रॅक्टर घेताना किती वजन उचलले जाते एवढेच विचारीत असेल, तर 'लिफ्ट' या नावाने त्याला अर्धीच माहिती दिली, असे म्हणावे लागेल. अवजार खाली दाबता येते काय आणि मोकळे सोडता येते काय, हे प्रश्नही त्याने विचारले पाहिजेत. खारभूमीतील पीक पुष्कळदा याच दोन प्रश्नांवर अवलंबून असते.