फिल्टर कॉफी घरी आणि कामावर: पावडर कोणती, डिकॉक्शन कसं, दिवसाला किती?

देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते. चिक्कमगळूर, कोडगू आणि हासन हे तिचे मुख्य जिल्हे. तरीही सीमाभागातल्या बऱ्याच मराठी घरांत कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, साखर-जायफळ घातलेली कॉफी. ती चांगलीच लागते. पण फिल्टरची कॉफी हा वेगळा प्रकार आहे. तो जमायला महागडं यंत्र लागत नाही. पावडर, पाणी आणि थोडा धीर पुरतो.

पुड्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा

बाजारातल्या बऱ्याच फिल्टर कॉफीत चिकोरी असते. चिकोरी ही एका झाडाची भाजून दळलेली मुळी. तिने रंग गडद होतो, डिकॉक्शन दाट दिसतं आणि किंमत उतरते. तिच्यात कॅफिन मात्र नसतं. अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पुड्यावर छापावं लागतं.

इथेच पैशांचा हिशोब आहे. ६०:४० च्या २०० ग्रॅम पुड्यात कॉफी १२० ग्रॅमच असते, ८०:२० च्या पुड्यात १६० ग्रॅम. पुड्याची किंमत नव्हे, आतल्या कॉफीची किंमत ताडून बघा. दूध जास्त घालणाऱ्यांना ८०:२० सहसा आवडते. कॉफीचा खरा स्वाद हवा असेल तर चिकोरीविरहित घ्या.

दुकानात दळून घेत असाल तर हे शब्द कानावर पडतील:

- अरेबिका: सुवास जास्त, कडूपणा कमी.
- रोबस्टा: कडक, दाट; कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट.
- प्लँटेशन: फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका.
- पीबेरी: फळात दोनऐवजी एकच गोल बी धरते, ती.

एका वेळी १०० ते २०० ग्रॅमच घ्या. घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून लांब ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. दळल्यावर वास भराभर उडतो.

घरी: दोन-तीन कपांसाठी

१. फिल्टरची दोन्ही भांडी कोरडी हवीत. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे भरून (साधारण २० ते २५ ग्रॅम) पावडर घाला.
२. भांडं हलकं आपटून पावडर सपाट करा. दांड्याची चकती वर ठेवून अलगद दाबा. जोर लावू नका.
३. पाण्याला आधण आलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. मग साधारण १५० मिली पाणी गोल फिरवत ओता. झाकण लावा.
४. १५ ते २० मिनिटं हात लावू नका. डिकॉक्शन थेंबाथेंबानेच उतरायला हवं.
५. एक भाग डिकॉक्शनला दोन ते तीन भाग कढत दूध घाला. साखर चवीप्रमाणे.

डिकॉक्शन पुन्हा उकळू नका, कडवट होतं. गार झालं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा, किंवा दूधच जास्त कढत घ्या. जायफळ हवं असेल तर शेवटी चिमूटभर किसून घाला; त्याहून जास्त नको.

फिल्टर नसेल तर? पाणी उकळून गॅस बंद करा, पावडर घाला, झाकून चार मिनिटं ठेवा आणि बारीक गाळणीने किंवा फडक्याने गाळा.

बिघडलं कुठे?

- पाणी पटकन उतरलं, कॉफी पाणचट: पावडर जाडसर, कमी किंवा नीट दाबलेली नाही.
- डिकॉक्शन उतरतच नाही: पावडर फार बारीक, जास्त दाबलेली किंवा भोकं बुजलेली. भोकं ब्रशने घासा, भांडं उजेडासमोर धरून बघा.
- कुबट वास: जुना चोथा भांड्यात राहिला. वापरल्यावर फिल्टर लगेच धुऊन पूर्ण वाळवा.

कामावर

कचेरीत, दुकानात फिल्टर मांडायला जागा नसते. सकाळी घरी केलेलं डिकॉक्शन छोट्या स्टीलच्या बाटलीत न्या. ते त्याच दिवशी संपवायचं. चहावाल्याकडून नुसतं गरम दूध मागवा आणि त्यात मिसळा. विजेच्या किटलीत दूध तापवू नका, तळाला लागतं आणि किटली खराब होते. झटपट कॉफी घेत असाल तर पावडर आधी चमचाभर गरम पाण्यात विरघळवा, मग दूध घाला. गुठळ्या होत नाहीत.

किती आणि केव्हा?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅफिन घ्यायला सांगितलं आहे. त्याच सूचनांनुसार १५० मिली फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. म्हणजे दोन कडक कप कॉफी आणि वर दोन-तीन चहा झाले, की मर्यादा आलीच.

दुसरी सूचना घरातल्या बायकांसाठी जास्त महत्त्वाची आहे: जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा. त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. रक्त कमी असलेल्यांनी जेवणावर लगेच कॉफी घेण्याची सवय मोडावीच. गरोदरपणात किती चालेल, ते डॉक्टरांना विचारा.

कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री झोप लागत नसेल, तर औषध शोधण्याआधी संध्याकाळचा कप बंद करून बघा.