गुडइयर वेल्ट

गुडइयर वेल्ट ही चामडी बुटांना तळ जोडण्याची यंत्रशिवणीची पद्धत आहे. १८७० च्या सुमारास अमेरिकेत कनिष्ठ चार्ल्स गुडइयर यांनी ती प्रचारात आणली. रबराच्या व्हल्कनीकरणासाठी प्रसिद्ध असलेले चार्ल्स गुडइयर हे त्यांचे वडील होत. टायर बनविणाऱ्या कंपनीशी या पद्धतीचा संबंध नाही.

प्रथम वरचे चामडे पायाच्या आकाराच्या साच्यावर (कलबुतावर) ताणून बसवतात. बुटाच्या कडेने फिरणारी चामड्याची अरुंद पट्टी म्हणजे वेल्ट. पहिली शिवण वरचे चामडे, वेल्ट आणि आतल्या तळाची उभी कड यांना एकत्र बांधते. दुसरी शिवण बाहेरचा तळ केवळ वेल्टला जोडते. मधल्या पोकळीत बुचाचा भुगा भरतात. तो दाबला जाऊन हळूहळू पावलाचा आकार घेतो. तळ झिजला की दुसरी शिवण उसवून नवा तळ लावता येतो. वरच्या चामड्याला हात लावावा लागत नाही.

इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनचे ऑक्सफर्ड व डर्बी बूट या पद्धतीसाठी ख्यातनाम आहेत. जुन्या हातशिवणीत आतल्या जाड तळातूनच ती कड कोरून काढतात. यंत्रशिवणीत बहुधा कापडी कड चिकटवलेली असते. ती सुटल्यास पहिल्या शिवणीचा आधारच ढिला होतो.