पळीभर तेल आणि इलेक्ट्रॉनचा फेरा

इलेक्ट्रॉनचा इतिहास काही फार जुना नाही. १८९७ साली इंग्लंडात जे. जे. टॉमसन यांनी तो ओळखला, आणि चुंबकाजवळून जाताना त्याची वाट वाकते हेही त्यांनी मोजून पाहिले. पुढे या वाकण्याचाच उपयोग करून विखुरलेले इलेक्ट्रॉन एका जागी गोळा करण्याची विद्या निघाली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. प्रयोगशाळेशी माझा संबंध दुरूनच. पण या विद्येचा इतिहास वाचताना मला वारंवार आमच्या खानदेशातले पाटण आठवले. का, ते सांगतो.

भिंगाने सूर्याचे किरण एका ठिपक्यात आणता येतात, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. घन पदार्थाच्या आत धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांना असे भिंग कोठून आणावे? १९६५ साली मॉस्कोत शार्विन यांनी यावर चुंबकाचा उपाय सुचवला आणि फिशर यांच्यासह कथिलाच्या स्फटिकात तो करूनही दाखवला. १९७४ मध्ये त्सोई यांनी बिस्मथच्या स्फटिकावर एकाच बाजूला दोन बारीक टोके टेकवली: एकातून इलेक्ट्रॉन आत सोडायचे, दुसऱ्याने टिपायचे. पुढे १९८८-८९ च्या सुमारास हॉलंडमध्ये फिलिप्स कंपनीच्या व डेल्फ्टच्या संशोधकांनी, व्हॅन हाउटन, बेनाकर आदींनी, हाच खेळ गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकात मांडला. तेथे इलेक्ट्रॉन दोन थरांच्या सांध्यात, पाण्यावरच्या तवंगासारखे एकाच पातळीत वावरतात. दोन फटींमधले अंतर अवघे तीन मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम विसावा हिस्सा. आणि थंडी अशी की हवासुद्धा गोठून दगड व्हावी.

आता युक्ती पाहा. फटीतून निघालेले इलेक्ट्रॉन थोडे इकडे, थोडे तिकडे फाकतात. पण त्यांचा वेग जवळजवळ सारखा, म्हणून चुंबकाच्या प्रभावाखाली प्रत्येकजण सारख्याच त्रिज्येचे वर्तुळ काढू लागतो. नाकासमोर निघालेला अर्धा फेरा करून व्यासाइतक्या अंतरावर भिंतीला परत येतो. दहा अंशांनी तिरपा निघालेला? व्यास शंभर धरला, तर तो साडेअठ्ठ्याण्णववर टेकतो. चुंबक नसता, तर शंभर हात पुढे गेल्यावर हाच गडी साडेसतरा हात बाजूला भरकटला असता! दुसरी फट नेमकी व्यासाच्या टोकाशी असली, की तेथे इलेक्ट्रॉनांची गर्दी होते आणि विजेचा काटा एकदम वर चढतो. चुंबक दुप्पट जोराचा केला की वर्तुळ निम्मे होते. मग इलेक्ट्रॉन मधल्या भिंतीवर एक टप्पा घेऊन फटीशी पोचतात, तिप्पट केल्यास दोन टप्पे. काटा पुन्हा पुन्हा चढतो, याचा अर्थ ती भिंत आरशासारखी गुळगुळीत आहे आणि वाटेत फारसा अडथळा नाही. पदार्थाचे अंतरंग असे चेंडू टाकून पारखता येते. राजस्थानात जन्मलेले जैनेंद्र जैन यांनी १९८९ मध्ये कल्पिलेले संयुक्त कणही १९९४ मध्ये याच युक्तीने पारखले गेले.

हे सारे कशामुळे? सर्वांत मोठी जीवा म्हणजे व्यास, आणि त्या थोरपणाच्या शिखराशी दिशा जराशी बदलली तरी जीवेची लांबी जवळजवळ बदलत नाही, एवढ्यामुळे. राशी शिखरावर पोचली की तिची वाढ थांबते. हे तत्त्व भास्कराचार्यांनी १९५० किंवा १८५० साली नव्हे, ११५० साली रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहांच्या गतीसंबंधाने सांगितले आहे. त्यांना इलेक्ट्रॉन ठाऊक होता, असे मी म्हणत नाही; तसे म्हणणे हा त्यांचा गौरव नव्हे, थट्टा होईल. त्यांना ठाऊक होते ते गणित, आणि ते ग्रहालाही लागू पडते, इलेक्ट्रॉनलाही.

त्यांच्याच ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावाजवळच्या पाटण येथे मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्यास दान दिले. १२०७ सालचा तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी मराठी ओळी आहेत, आणि मला त्याच अधिक मोलाच्या वाटतात. बाजारात येणाऱ्या मालावरचा राजाचा हक्क मठाला द्यावा, दर घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, असा त्यांचा आशय. म्हणजे गणिताच्या दिव्यात तेल घालणारा खानदेशचा तेली होता!

तो मठ आता नाही, परंपरा तुटली. जीवा आणि व्यास शिकवताना वर्गात हमखास प्रश्न येतो, "गुरुजी, याचा उपयोग काय?" पाटणच्या तेल्यानेही तो विचारला असेल. उत्तर मिळायला आठशे वर्षे लागणार, हे त्याला कोण सांगणार होते? तरी घाणा फिरत होता तोवर तेल जात राहिले. वाचकहो, यंदा पणत्या लावताना एक पळी त्या हिशेबातही मोजा.