गावकीची खोली : गिरणगावात बस्तान बसवण्याची रीत

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची कापडगिरणी १८५६ मध्ये मुंबईत ताडदेव येथे सुरू झाली आणि पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची दाटी होत जाऊन ज्याला लोक गिरणगाव म्हणू लागले तो प्रदेश आकाराला आला. या गिरण्यांतील कामगार प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरच्या सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून आले. १९२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती, तीत मुंबईतच जन्मलेल्यांचे प्रमाण सोळा टक्क्यांच्या आसपास होते आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या. म्हणजे शहर बहुतांशी परगावच्या, एकट्याने राहणाऱ्या पुरुषांचे होते. एवढी माणसे एवढ्या अपुऱ्या जागेत रुळली कशी, याचे उत्तर घरबांधणीच्या इतिहासात शोधून पुरेसे मिळत नाही. ते गावकीच्या खोलीत मिळते.

गावकीची खोली म्हणजे एका गावाच्या मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून चाळीत भाड्याने घेतलेली सामाईक जागा. चाळ म्हणजे एका लांब सज्ज्याला लागून ओळीने असलेल्या एकखणी खोल्यांची इमारत. नळ आणि शौचकूप सर्वांचे सामाईक. कोकणातून आगबोटीने किंवा घाटावरून रेल्वेने उतरलेला मुलगा थेट या खोलीवर येई, कारण खोलीचा पत्ता गावात प्रत्येक घराला ठाऊक असे. त्याला तेथे मिळत असे ते फार थोडे : भिंतीशी एक पत्र्याची पेटी ठेवण्याइतकी जागा, वळकटी पसरण्याचा हक्क आणि कपड्यांसाठी दोरी. गिरण्यांत दोन-तीन पाळ्या सुरू झाल्यावर एका पाळीचा माणूस उठून कामावर गेला की दुसऱ्या पाळीचा त्याच जागी आडवा होई, आणि उकाड्याच्या दिवसांत निम्मी खोली सज्ज्यावर किंवा फुटपाथवर झोपे. तरीही नवा माणूस येथे परका नसे. भाड्याचा वाटा किती, नोकरी लागेपर्यंत तो कोणी सोसायचा, झाडलोट आणि पाणी भरणे कोणाकडे, भांडणाचा निवाडा कोणी करायचा, हे सारे आधीच ठरलेले असे. गिरणीत भरती करणारा मुकादम, म्हणजे खात्यातील कामगारांवरचा जॉबर, पुष्कळदा ओळखीच्या पंचक्रोशीतला असल्याने कामाची वाटही याच खोलीतून निघे. हीच मंडळी गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी आणि शाळेसाठी पैसे जमवत, त्यामुळे खोलीत राहणारा मनुष्य मुंबईत रुळत असतानाच गावाच्या कारभारातही भागीदार राही.

जेवणाची सोय खानावळीत होई. ही खानावळ बहुधा शेजारच्याच खोलीत एखादी बाई, अनेकदा विधवा किंवा गिरणीकामगाराची पत्नी, चालवी आणि पैसे पगार झाल्यावर घेई. नव्या माणसाला पहिला महिना उधारीवर जेवू घालणाऱ्या या बायांचे श्रम गिरणगावाच्या इतिहासात फार उशिरा मोजले गेले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा कुठे त्यांना सावकाराशिवाय इतरत्र कर्ज मिळण्याचा मार्ग खुला झाला.

गावाहून बायको आली की स्वतंत्र खोली, किंवा निदान पोटभाडेकरू म्हणून खोलीचा एक भाग, शोधावा लागे. वास्तुशांत, म्हणजे नव्या घरात वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरण्याचा विधी, मुख्यतः स्वतःच्या घराचा. भाड्याच्या खोलीत दूध उतू घालणे आणि सवडीने सत्यनारायण घालणे यांवर भागवले जाई. त्या पूजेला मजल्यावरचे सगळे येत आणि प्रसादासोबत नव्या बाईला नळाची वेळ, वाण्याचे दुकान, सुईण अशी माहितीही मिळे.

गोमंतकीय ख्रिस्ती समाजाची कूड ही याच वळणाची, पण अधिक नियमबद्ध संस्था होती. धोबीतलाव आणि माझगाव परिसरात गावागावांच्या कुडी होत्या. जहाजावरचे खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात तेथे राहत, आणि आचारी, शिंपी, वादक यांनाही तेथे आसरा मिळे. भिंतीशी पेट्यांची ओळ, समोर गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सामूहिक तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, असा तेथला क्रम होता.

सरकारने मात्र घराचा विचार भिंतींपुरता केला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी) वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ काँक्रीटच्या चाळी बांधल्या. या बीडीडी चाळींतील पुष्कळ खोल्या आरंभी रिकाम्या राहिल्या, कारण भाडे परवडेना आणि वरळीसारखी जागा गिरण्यांपासून आणि बाजारापासून दूर पडे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. गावकीची खोली गावाची म्हटली जाई, पण तिचे दार बहुधा एकाच जातीला उघडे असे, आणि अस्पृश्य मानलेल्या कामगारांना खाजगी चाळीतही जागा मिळणे दुरापास्त होते. त्यांच्यासाठी ट्रस्टच्या आणि विकास खात्याच्या चाळींचे मोल वेगळे होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब १९१२ पासून सुमारे दोन दशके परळच्या ट्रस्ट चाळीतच राहिले. सरकारी चाळींतही वस्ती पुढे गाव आणि जात यांच्या धाग्यांनीच बांधली गेली, तरी ज्याला गावकीने वगळले त्याला तेथे निदान नावावर खोली मिळू शकत होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीकामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि पाळीने झोपण्याची गरजच संपली. बीडीडी चाळींच्या जागी आता मनोरे उभे राहत असून वरळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. गावकीच्या काही खोल्या आणि काही कुडी मात्र टिकून आहेत. परीक्षेला, मुलाखतीला किंवा परळच्या केईएम आणि टाटा रुग्णालयांत उपचारांसाठी आलेली गावची माणसे तेथे उतरतात, आणि वर्गणीची वही अजून मंडळाचा चिटणीसच सांभाळतो.