बीबीए, बीएमएससाठी कॉलेज निवडताय? फी भरण्याआधी हे ५ प्रश्न विचारा

बारावीनंतर बिझनेसचं शिक्षण घ्यायचं हे पक्कं आहे. समोर तीन कॉलेजं आहेत. एकाची इमारत चकाचक, दुसऱ्याच्या होर्डिंगवर '२० लाखांचं पॅकेज' आणि तिसरं घराजवळ. मग निवडायचं कोणतं?

इमारत आणि होर्डिंग जरा बाजूला ठेवा. घरच्यांच्या खिशावर किती भार पडणार, हे बऱ्याचदा दोन साध्या गोष्टींवर ठरतं: डिग्रीचं नेमकं नाव काय आणि प्रवेश कोणत्या मार्गाने मिळतोय.

१. डिग्रीचं नाव नेमकं काय आहे?

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे कोर्स एआयसीटीईच्या कक्षेत आले. त्यामुळे महाराष्ट्रात या कोर्ससाठी सीईटी सेलची सामायिक परीक्षा सुरू झाली. त्यानंतर काही कॉलेजांनी कोर्सचं नावच बदललं. उदाहरणार्थ, मुंबई विद्यापीठाच्या काही कॉलेजांमध्ये बीएमएसऐवजी 'बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)' आलं. असा कोर्स वाईट असतो असं नाही. पण त्याला सीईटी लागत नाही आणि प्रवेशाचे नियमही वेगळे असतात. म्हणून माहितीपत्रकावर डिग्रीचं पूर्ण नाव वाचा.

२. प्रवेश कॅपमधून आहे की कोट्यातून?

कॅप म्हणजे सरकारची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. फी सवलतीच्या अनेक योजना तिच्याशी जोडलेल्या आहेत.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. पण त्यासाठी प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोटा आणि संस्थास्तरावरच्या प्रवेशांना ही सवलत नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून वगळलेली आहेत.

म्हणजे 'सीट आजच बुक करा' म्हणून घाईत कोट्यातून प्रवेश घेतला, तर हक्काची सवलत हातची जाऊ शकते.

३. तीन वर्षांचा एकूण खर्च किती?

पहिल्या वर्षाची फी विचारून थांबू नका. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा, हॉस्टेल, मेस आणि प्रवास असा सगळा हिशोब तीन वर्षांसाठी मांडा. फी दरवर्षी वाढते का, हेही विचारा. चौथ्या वर्षाचा ऑनर्सचा पर्याय असेल, तर त्याचा खर्च वेगळा धरा.

४. पॅकेजचा आकडा सरासरी आहे की मीडियन?

समजा पाच विद्यार्थ्यांना ३ लाख, ३ लाख, साडेतीन लाख, ४ लाख आणि २० लाख असे पगार मिळाले. सरासरी निघते ६.७ लाख. पण मधल्या विद्यार्थ्याचा पगार, म्हणजे मीडियन, साडेतीन लाखच आहे. होर्डिंगवर मात्र २० लाख झळकतात.

कॉलेज एनआयआरएफ रँकिंगमध्ये भाग घेत असेल, तर दिलेली माहिती त्याला वेबसाइटवर ठेवावी लागते. त्यात किती जणांना नोकरी लागली, मीडियन पगार किती आणि किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, हे दिसतं. एक लक्षात घ्या, एकाच संस्थेत बीबीए आणि एमबीए दोन्ही असतील, तर जाहिरातीतला आकडा कुठल्या कोर्सचा आहे, हे आधी विचारा.

५. पुढे एमबीए करायचंय का?

एमबीएसाठी बीबीएच लागतं असं नाही. कोणत्याही शाखेचे पदवीधर कॅट किंवा एमएएच-एमबीए सीईटी देऊ शकतात. मुंबईच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटमध्ये या सीईटीतून प्रवेश मिळतो. त्यामुळे बजेट मर्यादित असेल, तर चांगल्या अनुदानित कॉलेजातून बीकॉम करून पैसे एमबीएसाठी राखून ठेवणं हाही शहाणपणाचा पर्याय आहे.

बारावीनंतर थेट आयआयएमला जायचं असेल, तर आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा आयपीएम कोर्स २०११ पासून सुरू आहे. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते.

आता काय कराल?

एका कागदावर तिन्ही कॉलेजं आणि हे पाच प्रश्न लिहा. उत्तरं कॉलेजकडून लेखी किंवा ईमेलवर घ्या. शक्य असेल तर सध्या तिसऱ्या वर्षात असलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोला.

आणि प्रवेश घेताना मूळ मार्कशीट कॉलेजकडे ठेवून येऊ नका. यूजीसीच्या नियमांनुसार पडताळणी झाल्यावर मूळ कागदपत्रं विद्यार्थ्याला परत द्यावी लागतात. ती तुमच्याकडे असतील, तर दुसऱ्या यादीत चांगलं कॉलेज लागल्यावर अडकून पडायची वेळ येणार नाही.