ऑनलाइन डेटाबेस-शोध : ग्रंथपालांचे प्रशिक्षण
संशोधनलेख, प्रबंध व अहवाल यांच्या ऑनलाइन डेटाबेसमधून वाचकाला हवी ती माहिती काढून देण्याचे कौशल्य ग्रंथपालांना शिकवणे. भारतात हे काम बराच काळ मोठ्या संशोधनसंस्थांपुरते होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये सुरू केलेल्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या 'एन-लिस्ट' योजनेतून २०१० पासून ई-नियतकालिके महाविद्यालयांना मिळू लागली, 'शोधगंगा'वर विद्यापीठांचे प्रबंध खुले झाले आणि तहसिलीच्या गावातील ग्रंथपालालाही हे कौशल्य लागू लागले.

लॉगिन करून दाखवणे तासाभरात उरकते; खरा वेळ प्रश्नाची फोड शिकवण्यात जायला हवा. समजा, मध्य प्रदेशातील पांढुर्ण्याचा विद्यार्थी संत्र्यावरील डिंक्या रोगाची माहिती मागतो. इंग्रजी डेटाबेसमध्ये 'डिंक्या' हा शब्द सापडणार नाही. तेथे 'गमोसिस', रोगकारक 'फायटोफ्थोरा', पिकासाठी 'नागपूर मँडरिन' आणि 'सिट्रस रेटिक्युलाटा' असे पर्याय जमवावे लागतात. एकाच गोष्टीची निरनिराळी नावे 'ऑर'ने आणि रोग व पीक अशा वेगळ्या गोष्टी 'अँड'ने जोडतात. पहिल्याने निकाल वाढतात, दुसऱ्याने ते नेमके होतात.

स्थलनामांचा सराव वेगळा घ्यावा लागतो. पांढुर्णा व सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. त्याआधीचे बरेच लेखन छिंदवाडा या नावाखालीच मिळते. रोमन लिपीत पांढुर्ण्याचा 'ढ' कधी 'एच'सह येतो, कधी त्याविना. सौंसरच्या अनुस्वाराचेही तसेच. शिवाय नुसते 'सौसर' टाकले की भूविज्ञानाचे लेख पुढे येतात, कारण मध्य भारतातील मँगनीजधारक प्राचीन खडकांच्या समूहाला 'सौसर गट' म्हणतात. ते 'नॉट'ने वगळता येतात, पण 'मँगनीज' हा शब्दच वगळला तर तेथील खाणमजुरांवरचा लेखही हातचा जातो. त्यापेक्षा विषयाची मर्यादा घालणे बरे.

महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या या भागात वाचक अनेकदा मराठीत विचारतो, अभ्यासक्रम हिंदीत असतो आणि बहुतेक लेख इंग्रजीत. शोधगंगेवर तिन्ही भाषांतील प्रबंध असल्याने तेथे शोधही तिन्ही भाषांत घ्यावा लागतो. १९५६ पर्यंत हा भाग नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता; म्हणून जुन्या कागदपत्रांसाठी 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' हे त्या राज्याचे जुने नाव आणि नागपूरचे संग्रहही शोधात धरावे लागतात.