डिस्पोजलची लॉरी

गेल्या वैशाखांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तुमसरनजीक एका आरागिरणीच्या मागें पडून असलेली लॉरी भंगाराच्या भावानें विकत घेतली, आणि ती 'मूळ रूपांत' आणावयाची आहे म्हणून आम्हांस पाहावयास बोलाविलें. इतिहासाच्या अध्यापकानें मोटारीच्या पोटाखालीं शिरावें हा प्रसंग घरच्या मंडळींस विनोदाचा वाटला. तथापि ताम्रपटाप्रमाणेंच लोखंडावरही वाचावयास पुष्कळ असतें, याची प्रतीति आम्हांस त्या दिवशीं आली.

बोल्टांच्या डोक्यांवर फोर्ड कंपनीचें 'एफ' हें अक्षर, पुढच्या आंसासही गति देणारी यंत्रयोजना, आखूड नाकाची चालकाची खोली आणि वरच्या बाजूनें पुढें झुकलेली समोरची काच, एवढ्यावरून गाडीची जात ठरली. ती दुसऱ्या महायुद्धांतील कॅनेडियन लष्करी नमुन्याची होती. काच अशी कललेली ठेवण्याचा हेतु हा कीं, तिच्यावरून ऊन चमकून वरच्या विमानास गाडीचा सुगावा लागूं नये.

१९४० च्या जूनमध्यें डंकर्कहून इंग्रज सैन्य परतलें तेव्हां त्याच्या हजारों गाड्या फ्रान्सच्या भूमीवरच राहिल्या. ती उणीव भरून काढण्याचा मोठा भार कॅनडानें उचलला. फोर्ड आणि जनरल मोटर्स या एरवींच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं एकाच लष्करी नमुन्याबरहुकूम गाड्या केल्या. युद्धाअखेर त्या देशानें ८ लाखांहून अधिक लष्करी वाहनें बांधलीं, आणि त्यांपैकीं निम्मीं तरी या नमुन्याचीं होतीं. हिंदुस्थानाकडे येणाऱ्या गाड्या सुट्या भागांच्या रूपानें पेट्यांतून येत व येथें जुळविल्या जात. मुंबईस शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून चालू होता. फोर्डचाही मुंबईंत होता. याच जातीच्या सांगाड्यांवर टाटांच्या पोलादाचें चिलखत चढवून ज्या गाड्या तयार झाल्या, त्यांस 'टाटानगर' असेंच नांव पडलें. त्या काळीं मध्यप्रांतांत असलेला आमचा भंडारा जिल्हा रणभूमीपासून दूर खरा, पण गोंदियानजीकची बिरसीची धांवपट्टी त्याच युद्धकाळांतली आहे.

युद्ध संपलें आणि या गाड्या सरकारास नकोशा झाल्या. लिलाव झाले, आणि 'डिस्पोजल' हा इंग्रजी शब्द खेड्यापाड्यांतील मेकॅनिकांच्याही तोंडीं रुळला. ज्यास नवी लॉरी परवडत नसे तो डिस्पोजलची घेई. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथलें मँगॅनीज, रानांतलें सागवान, विडीचा तेंदूपत्ता यांवर चालणाऱ्या या मुलखांत अशी दणकट गाडी म्हणजे मोठाच आधार. 

आमच्यापुढें उभी असलेली लॉरी या दुसऱ्या आयुष्याच्याच खुणांनीं भरलेली होती. मूळचें आठ सिलिंडरांचें पेट्रोल इंजिन केव्हांच गेलेलें होतें. त्या इंजिनाची रचनाच अशी कीं, जळलेला तप्त वायु सिलिंडरांच्या ओतकामांतूनच बाहेर वाट काढतो. विदर्भाच्या उन्हाळ्यांत, भरल्या मालानिशीं, त्यानें पाणी उकळूं नये तर काय करावें! त्याच्या जागीं पर्किन्सचें सहा सिलिंडरांचें डिझेल इंजिन बसविलेलें होतें. मद्रासच्या सिम्पसन कंपनीनें तीं १९५० नंतरच्या दशकांत येथेंच तयार करण्यास आरंभ केला, तेव्हांपासून पुष्कळ जुन्या गाड्यांचें असेंच हृदयांतर झालें. पुढच्या आंसाकडे जाणारा दांडा कोणी तरी काढून टाकला होता. तेल वांचविण्यासाठीं, हें उघड आहे. मागचा हौदा गांवच्या सुतारानें सागवानाचा केलेला. चाकें मात्र मूळचीं, दोन पाळ्या बोल्टांनीं आवळून केलेलीं. हवा भरलेली असतां त्या पाळ्यांच्या चाक्या सोडल्यास पाळी उसळून माणूस दगावे, म्हणून लष्करांत त्या तांबड्या रंगवीत. येथें त्या तांबडेपणाचा ठिपकाही उरला नव्हता. रंगाचे थर खरवडतां निळा, त्याखालीं पिवळा, त्याखालीं पुन्हां निळा, आणि तळाशीं लष्करी हिरवा लागला.

आतां या गाडीचें 'मूळ रूप' कोणतें? आमच्या विद्यार्थ्याचा आग्रह हिरव्याचा. सागवानी हौदा काढावा, कोठून तरी आठ सिलिंडरी इंजिन मिळवावें, असा त्याचा बेत. आम्हांस तो पटला नाहीं. लष्कराच्या चाकरींत ही गाडी फार तर पांचसहा वर्षें असेल. मजूर, हमाल आणि जंगलाचे ठेकेदार यांच्या चाकरींत तिनें पिढी घालविली. पहिल्या आयुष्याच्या मोहानें दुसरें पुसून टाकणें म्हणजे शिलालेखाची एक ओळ वाचतां यावी म्हणून बाकीच्या घासून काढणें होय.

कायद्याचीही दृष्टि विचित्र आहे. केंद्र सरकारनें २०२१ सालीं जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले: वाहन पन्नास वर्षांहून जुनें व खाजगी वापराचें असेल तर तें 'व्हिंटेज' ठरतें, 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, आणि नव्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात. परंतु हे नियम दुचाकी आणि प्रवासी मोटारी यांपुरतेच आहेत. संस्थानिकाची सहलीची मोटार हा वारसा, आणि ओझें वाहणारी लॉरी ही नव्हे! हा भेद आम्हांस निव्वळ तांत्रिक वाटत नाहीं. त्यांतच जुनीं कागदपत्रें जुळविण्याचा खटाटोप. जिल्हा जागचा हलला नाहीं. पण १९५० सालीं तो मध्यप्रदेशांत, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. एका लॉरीचा माग काढावयाचा तर तीन राज्यांचीं दप्तरें चाळावीं लागतात.

अशी गाडी पूर्वीं चालविणारे एक वृद्ध गृहस्थ, वय ऐंशीच्या पुढें, आम्हांस तेथेंच भेटले. हौद्याच्या फळीवरून हात फिरवीत ते विद्यार्थ्यास म्हणाले, "मी चालवली ते निळीच होती, भाऊ. हिरवी मी कधी पाह्यलीच नाही." विद्यार्थी कांहीं बोलला नाहीं. दोन महिन्यांनीं त्याचें पत्र आलें: हौदा ठेवला आहे, डिझेल इंजिन उघडून साफ केलें आहे, पुढच्या आंसाचा दांडा नागपुरास भंगारबाजारांत शोधणें चालू आहे. गाडीवर सध्यां नुसता तांबडा प्रायमर आहे. रंगाचा निर्णय पावसाळ्यानंतर व्हावयाचा आहे.